चौदा टोपणं आणि एक वानर

अकोला, ८ जून २०२५

बंड्या,

आजकाल हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट आलं की लोकांना वाटतं कुणाची तरी तेरवी आहे. घाबरू नकोस, मी जिवंत आहे. फक्त माझं तोंड दुसऱ्याच्या ताब्यात गेलं आहे.

दुसरा म्हणजे आमची आचल. आता डॉक्टर आचल म्हणायचं, पाटीवर तसंच लिहिलं आहे. एप्रिलमध्ये पोरीने जठारपेठेत दातांचा दवाखाना उघडला. पहिले पंधरा दिवस तिथे जी माणसं आली त्यांतली निम्मी पत्ता विचारायला आलेली आणि उरलेली शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती म्हणून पंख्याखाली बसायला आलेली. शेवटी तिची नजर घरातल्या दातांवर गेली. माझे पुढचे दोन दात लहानपणापासून एकमेकांवर चढून बसलेले आहेत, हे तुला ठाऊकच आहे. साठ वर्षांत त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही. कृषी सहायकाची सगळी नोकरी मी त्याच दातांनी केली. पण पोरगी म्हणाली, "बाबा, मला पहिला पेशंट पाहिजे." संपलं. बाप कशाला असतो?

तर सध्या माझ्या दातांवर काचेसारखं दिसणारं प्लॅस्टिकचं टोपण असतं. तिच्या भाषेत अलाइनर. टोपण हा शब्द तुझ्या साधनावहिनीचा. अशी चौदा आहेत. एकेक दोन आठवडे घालायचं, दिवसाचे बावीस तास. जेवताना काढायचं, चहाला काढायचं, पाण्याशिवाय काहीही प्यायचं तर काढायचं. शेवटी माझा फोटो दवाखान्यात लागणार. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. साऱ्या जठारपेठेला माहीत आहे की पहिला पेशंट खुद्द बाप आहे. परवा पुंजाजीच्या टपरीवर एक जण माझ्यासमोरच म्हणाला, "बापाचेच दात सरके नाई झाले, तं आपले काय होतीन?" म्हणजे पोरीच्या दवाखान्याचं नशीब माझ्या जबड्यावर टांगलेलं आहे.

आता मुद्दा. चौथं टोपण घालून सहा दिवस झाले आणि तेही तपकिरी पडलं. आचलने खिडकीशी धरून पाहिलं. "बाबा, हे काय?" मी म्हटलं, हळद. ती म्हणाली, "हळद आईच्या जेवणातही असते, तिचे दात असे नाहीत." मग वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, तोंड उघडा आणि तीन बोटं उभी घाला. माझी अडीच जातात. तेही लिहिलं. ही पोरगी लिहिते फार आणि बोलते कमी. माझ्यावर गेली नाही.

तुझी कवळी दोन वर्षांची. जानेवारीत एका लग्नात पाहिली तेव्हा चकचकीत होती. तू ती कशाने धुतोस तेवढं कळव. फोनवर विचारलं असतं, पण माझं व्हॉट्सॲप दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर दिवसभर उघडं असतं (अपॉइंटमेंटी मीच घेतो, म्हणजे आल्या तर घेईन) आणि मी फोनवर बोललो की साधनाला स्वयंपाकघरात ऐकू जातं. शिवाय तू फोन उचलत नाहीस. पत्र घरच्या पत्त्यावर पाठव. पाकिटावर 'शेतीविषयक' असं लिही, म्हणजे कुणी उघडणार नाही.

तुझा,
किशोर

---

अमरावती, १६ जून २०२५
(शेतीविषयक)

श्रीमान किशोरराव, दंतसौंदर्य योजनेचे पहिले लाभार्थी,

आपलं पत्र मिळालं आणि सहावीचा वर्ग आठवला. चांदूर रेल्वेच्या शाळेत मास्तर तुझी वही तपासायला माझ्याकडे द्यायचे, कारण त्यांना स्वतःचे हात खराब करायचे नसत. शाईचे डाग, चिंचेचे डाग, एकदा तर भज्याचा अख्खा ठसा. 'स्वच्छता' या रकान्यात तुला दहापैकी दोनाच्या वर कधी मिळाले नाहीत. दिले मीच, त्यामुळे खात्रीने सांगतो.

आता वहीच्या जागी टोपण आलं आहे. नीट वाच, मी दुसऱ्यांदा शिकवत नाही. टोपण तोंडातून काढलं की लगेच साध्या पाण्याखाली धरायचं. थुंकी वाळू द्यायची नाही, वाळली की तीच पिवळी होते. मऊ ब्रश वेगळा ठेवायचा आणि हलक्या हाताने आतून-बाहेरून फिरवायचा. टूथपेस्ट लावायची नाही, तिने ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत रंग बसतो. गरम पाणी चुकूनही नाही, आकार बिघडतो. आठवड्यातून एक-दोनदा कवळीची गोळी टाकलेल्या पाण्यात ठेवायचं. काढलेलं टोपण डबीत ठेवायचं, खिशात नाही. आणि परत घालण्यापूर्वी दात घासायचे, नाहीतर जे खाल्लं ते टोपणाच्या आत दिवसभर मुरत बसतं. माझ्या कवळीचं विचारलंस. ती सध्या बहुतेक वेळ वाटीतच असते, म्हणून स्वच्छ आहे.

हे झालं धुण्याचं. आता रंगाचं. हळदीचा डाग पिवळा असतो. चहाचा तांबूस, आणि तो चढायला वेळ घेतो. सहा दिवसांत तपकिरी करणारी वस्तू मी चांगली ओळखतो. ती सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधून मिळते आणि तिचं नाव खर्रा. तू लेकीला सांगितलं होतंस ना, दिवाळीत सोडला म्हणून? कोणत्या दिवाळीत, हे सांगितलं नव्हतंस वाटतं.

मी सोडला. कधी आणि कसा ते विचारू नकोस. शाळेतून निवृत्त झालं की माणूस बऱ्याच गोष्टींतून निवृत्त होतो. आणि फोन करत जाऊ नकोस. पस्तीस वर्षं वर्गात बडबडलो, आता तोंडाला सुट्टी दिली आहे. मला पत्रच बरं पडतं.

बंडू

---

अकोला, २७ जून २०२५

गुरुवर्य,

अमरावतीहून अकोल्याला पायी निघालास तरी चौथ्या दिवशी पोचतोस. तुझ्या पत्राला दहा दिवस लागले. ही दिरंगाई मला महागात पडली, कारण तोवर मी स्वतःच्या अकलेने पुढे गेलो होतो.

चौथ्या टोपणाला मी राख आणि चिंच लावली. आमच्याकडे पितळी तांब्या त्यानेच लख्ख होतो, मग हे बापडं प्लॅस्टिक का नाही होणार? नाही झालं. उलट सगळीकडून खरवडलं आणि धुरकट झालं. तेवढ्यात त्याचे दिवस भरले आणि पाचवं आलं. पाचवंही तिसऱ्या दिवशी तपकिरी दिसायला लागलं. तेव्हा मी विचार केला की आपल्या घरात कशाचीही शंका आली की साधना ते उकळते. दूध उकळते, पाणी उकळते, आचल लहान असताना तिची बाटली उकळायची. मी चहाच्या गंजात पाणी ठेवलं, उकळी फुटली आणि पाचवं टोपण त्यात सोडलं.

बंड्या, ते माझ्या डोळ्यांदेखत भाजलेल्या पापडासारखं वळलं. काढून तोंडाला लावून पाहिलं तर ते माझ्या काय, कुठल्याच माणसाच्या दातांचं वाटेना. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र. 'गरम पाणी चुकूनही नाही.' मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि तुला तिन्ही वेळा शिव्या दिल्या.

संध्याकाळी आचलने विचारलं, टोपण कुठे आहे? मी म्हटलं, गच्चीत वाळत ठेवलं होतं, वानराने नेलं. आमच्याकडे वानरं आहेतच, त्यामुळे गोष्ट खोटी वाटायचं कारण नव्हतं. ती म्हणाली, "कोणत्या वानराने?" मी म्हटलं, ते काय मी नाव विचारलं का? तिने वहीत लिहिलं. मी डोकावून पाहिलं. 'वानर' एवढंच लिहिलं होतं. साधना आतून म्हणाली, "वानराले बी अक्कल असते बाप्पा. थे कावून नेईन कोनाचं उष्टं टोपन?" मी ऐकू आलं नाही असं केलं. पाचवं टोपण आता पुन्हा बनवायला दिलं आहे.

आता तुझा आरोप. मला खर्ऱ्याचं नाव घेऊन डिवचायचा तुला अधिकार नाही. आपण दोघांनी आठवीत तो एकाच पन्नीतून सुरू केला. पण विचारलंच आहेस म्हणून सांगतो. दिवसाला दोन.

चार.

बरं, सहा. पण टोपण घालून कधी खात नाही, एवढी शिस्त आहे. टपरीवर गेलो की टोपण काढून शर्टाच्या खिशात ठेवतो. पन्नीही त्याच खिशात असते. तपकिरी रंग कुठून आला हे आता लिहिता लिहिता मला कळलं. आचलला सांगू नकोस. तिने दवाखान्याबाहेर पाटी लावताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माझ्या बाबांनी खर्रा सोडलाय." मी तेव्हा तिच्याच शेजारी उभा होतो आणि मान हलवली होती.

तुझा,
किशोर

---

अमरावती, ९ जुलै २०२५

प्रिय वानरपालक,

तुझं पत्र वाचून मला त्या वानराची काळजी वाटली. दात सरळ झाले का त्याचे? फोटो कधी लावताय?

किशोऱ्या, तू जन्मभर शेतकऱ्यांना सांगत हिंडलास की फवारणीचं औषध आणि भाकरी एका पिशवीत ठेवू नका. लोक तुझं ऐकायचे. आणि तू तोंडात घालायची वस्तू खर्ऱ्याच्या खिशात ठेवतोस. तुझ्यासारखा अधिकारी मिळाला हे वऱ्हाडच्या कपाशीचं भाग्यच.

तुला एक गणित घालतो. खर्रा खायचा तर टोपण काढायचं. खाऊन झाला की चूळ भरायची, दात घासायचे, टोपण धुवायचं, मग घालायचं. धरून चल वीस मिनिटं. सहा वेळा केलं तर दोन तास. जेवण आणि चहा त्याच दोन तासांत बसवायचं आहे, कारण उरलेले बावीस पोरीचे. बसव आणि मला कळव. नाही बसलं तर दोनांतून एक गोष्ट कमी कर. भाकर कमी करायची की खर्रा, ते तुझ्यासारख्या विद्वानाला मी काय सांगणार?

आणि दर रविवारी आरशासमोर तीन बोटं घाल. किती जातात ते मला खरं लिही. अडीच म्हणजे काय हे तुला माहीत नसेल तर आचलला विचार. विचारायची हिंमत नसेल तर मला विचारू नकोस, मी सांगणार नाही. तिखट जेवताना तोंडाची आग होते का, हेही कळव.

बंडू

---

अकोला, ३ ऑगस्ट २०२५

बंड्या,

आधी भांडण. मी तुला तीन वेळा फोन केला. एकदा प्रमोदिनीवहिनी म्हणाल्या झोपलेत. दुसऱ्यांदा म्हणाल्या आंघोळीला गेलेत. तिसऱ्यांदा म्हणाल्या देवळात गेलेत. तू देवळात? ज्या माणसाने शाळेत सरस्वतीपूजनाआधीच प्रसादाचे चणे खाल्ले, तो देवळात? सरळ सांग की बोलायचं नाही. निवृत्तीनंतर काही लोकांना फार मोठेपणा येतो असं ऐकून होतो.

आता गणित. बसलं नाही. पहिल्या दिवशी मी नेटाने सहाही वेळा सगळा सोपस्कार केला. टपरीमागच्या नळावर उभं राहून दात घासले. पुंजाजी म्हणाला, "किशोरभाऊ, खर्रा खाता का लगनाले चालले?" बघे जमले. दुसऱ्या दिवशी चारच झाले. मग तीन. सध्या दोनावर आलो आहे. पण सोडला वगैरे म्हणू नकोस. मी सोडलेला नाही, मला कंटाळा आला आहे. माणसाला एखादी गोष्ट सुखाने खाऊ द्यायची नाही, एवढ्या धुण्यापुसण्याने ती सोडवत आणली या लोकांनी.

टोपण मात्र तू सांगितलंस तसं धुतो. साधना म्हणते, "सौंसारात कवा एक कप इसळला नाही, आन् आता पाहा." आठवं टोपण सहा दिवस झाले तरी फक्त किंचित पिवळं आहे. आचल जुनी टोपणं फेकत नाही. प्रत्येकाला पाकीट, त्यावर तारीख. पोरीला काय पुरावा गोळा करायचा आहे, देव जाणे.

बोटं अडीचच. तिखटाची आग होते. ठेचा बंद केला आहे आणि साधनाला सांगितलं आहे की ॲसिडिटी झाली. झालं समाधान?

किशोर

---

अकोला, २८ ऑगस्ट २०२५

बंडोपंत,

महिना होत आला, उत्तर नाही. असो. हे पत्र तुझ्यासाठी नाही असं समज. कुणालातरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि सांगण्यासारखं दुसरं कुणी नाही.

पोळ्याला गावी गेलो होतो. सगळी भावकी, सगळे जुने सोबती, आणि प्रत्येकाच्या हातात पन्नी. "घे ना किशोरभाऊ, सनावाराले काय होते?" मी डबी अकोल्यालाच विसरलो होतो. नववं टोपण काढलं आणि कुठे ठेवावं कळेना. हातात रिकामी पन्नी होती, तिच्यात गुंडाळून खिशात टाकलं. दिवसभर किती खाल्ले ते मोजले नाहीत. परत निघताना खिसा साफ केला. दोन पन्न्या होत्या. एक उकिरड्यावर फेकली, एक ठेवली.

अकोल्याला येऊन उघडली. खर्रा होता.

बंड्या, मी पोरीने केलेलं टोपण उकिरड्यावर फेकलं आणि खर्रा जपून घरी आणला. आचलसमोर वानराचं नाव घ्यायलाही तोंड राहिलं नाही. मी म्हटलं, हरवलं. तिने वहीत 'पोळा' लिहिलं. आठवं पुन्हा घालायला लावलं, ते बसवताना दात असे ठणकले की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, दुखतं गं. ती म्हणाली, "मलाही." आणि तोंड फिरवून हात धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

तू मुद्दाम बोलत नाहीस ना? ठीक आहे. येत्या रविवारी मी अमरावतीला येतो. बघू दाराआड किती वेळ झोपतोस.

किशोर

---

अमरावती, ३० ऑगस्ट २०२५

किशोर,

येऊ नकोस. घरी रंगकाम चालू आहे. पसारा आहे.

बंडू

---

अकोला, ४ सप्टेंबर २०२५

बंडू,

तुझी चिठ्ठी आज मिळाली. मी तुझ्याकडे येऊन गेल्यावर चार दिवसांनी. आपल्या पोस्टाचे आयुष्यात पहिल्यांदा आभार मानतो.

रंगकाम पाहिलं. वहिनींनी दार उघडलं आणि मला पाहून दारातच रडायला लागल्या. तू खिडकीशी खुर्चीत होतास. डावा गाल आत गेलेला, खांद्यावर टॉवेल, हातात वरणाच्या पाण्याची वाटी आणि चमचा. मला बघून तू पाटी घेतलीस, ती शाळेतली दगडी पाटी, आणि लिहिलंस, "शेतीविषयक काम काढलं का?"

लेका, अशा वेळी माणसाने विनोद करू नये. मला हसताही येईना आणि रडताही. मार्चमध्ये नागपूरला कॅन्सरचं ऑपरेशन. गाल गेला, जिभेची कड गेली, मग सगळे ते विजेचे शेक. आणि मला काय लिहिलंस? तोंडाला सुट्टी दिली. कवळी वाटीत असते म्हणून स्वच्छ आहे. मी वानर केलं तर तू पत्रभर माझी टिंगल केलीस, आणि स्वतः एवढं मोठं वानर घरात लपवून बसलास! मी तुला मोठेपणा आला म्हणून लिहिलं ते पत्र फाडून टाक. नसेल फाडलं तर माझ्या हातात दे, मी फाडतो.

मला भीती वाटली, बंड्या. सरळ लिहितो. तुझ्यासाठी वाटली आणि मग स्वतःसाठी वाटली, आणि स्वतःसाठी वाटली याची लाज वाटली. आठवीत पन्नी एकच होती. तुझ्या वाट्याला हे आलं, माझ्याकडे अजून अडीच बोटं आहेत.

बडनेऱ्याला गाडीची वाट पाहत बसलो आणि हात सवयीने खिशात गेला. पोळ्याची पन्नी अजून तिथेच होती. फेकली. फेकण्याआधी दोनदा उघडून पाहिली, आत टोपण तर नाही ना.

किशोर

---

अमरावती, १२ सप्टेंबर २०२५

प्रिय किशोर,

तुला कळवलं नाही, कारण तू रडलास की फार वाईट दिसतोस. त्या रविवारी ते सिद्ध झालं.

आता सगळं कळलंच आहे तर उरलेलंही घे. फेब्रुवारीत मला गालाच्या आत एक चट्टा दिसला. प्रमोदिनीला सांगायची हिंमत झाली नाही. फोटो काढून आचलला पाठवला, कारण लहानपणी दर सुट्टीत तिला शुद्धलेखन मी घातलं आहे, म्हणजे ती मला घाबरते, कुणाला सांगणार नाही. दहा मिनिटांत तिचा फोन आला. "काका, उद्या नागपूर." प्रश्न नाही, पर्याय नाही. तिच्यामुळे मी आज हे पत्र लिहितो आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, माझं होईल ते होईल, तुझ्या बापाचं बघ. ती म्हणाली, "बाबा डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत, तोंड बघू देत नाहीत." मग आम्ही दोघांनी विचार केला की हा माणूस ऐकतो कुणाचं? उत्तर सोपं होतं. तू कुणाचंच ऐकत नाहीस, पण पोरीचा दवाखाना चालावा म्हणून तोंडात वीट धर म्हटलं तरी धरशील. वीट जरा मोठी होती म्हणून तिने टोपण दिलं. दात वाकडे होते हे खरं, ते सरळ होतील हेही खरं. पण तिला पहिला पेशंट दातांसाठी नको होता. बावीस तास बंद राहील असं तोंड हवं होतं.

तुझ्या वानराचं तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. वळलेलं टोपण साधनावहिनींनी कचऱ्यातून काढून तिच्या हातात ठेवलं. तरी तिने वहीत 'वानर' लिहिलं. बापाचं खोटं लेकीने किती अदबीने लिहून घ्यावं, हे बघ आणि थोडा लाज.

पुढची टोपणं नीट धू. मला दर महिन्याला अहवाल पाहिजे.

बंडू

---

अकोला, १ डिसेंबर २०२५

बंड्या,

शेवटचा अहवाल. चौदावं टोपण परवा उतरलं. आता फक्त झोपताना घालायचं एक वेगळं दिलं आहे. दात सरळ झाले. आरशात पाहिलं की वाटतं, हा कोण शिष्ट माणूस आपल्या बाथरूममध्ये उभा आहे? बडनेऱ्याच्या त्या पन्नीनंतर खर्रा तोंडात गेलेला नाही. दोनदा टपरीपर्यंत जाऊन परत आलो, हेही लिहितो, कारण तुझ्याशी खोटं बोललं की तू जास्त चांगलं लिहितोस. बोटं अजून अडीचच जातात. आचल म्हणाली, खर्ऱ्याने आखडलेलं तोंड लगेच उघडत नाही, बोटं आणखी कमी झाली नाहीत हेच खूप आहे. दर महिन्याला ती बघणार. बघू दे.

दवाखान्यात फोटो लागणार म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. फोटो नव्हताच. भिंतीवर काचेची चौकट होती आणि आत टोपणं ओळीने लावलेली, खाली तारखा. पहिली चार तपकिरी, चौथं वरून खरवडलेलं. पाचवं पापडासारखं वळलेलं, त्याच्याखाली बारीक अक्षरात 'वानर'. मग एकेक फिकट होत जाणारी. हरवलेल्या नवव्याची जागा रिकामी, खाली 'पोळा'. आणि दहाव्यापासून पुढे आरपार दिसणारी. पेशंटचं नाव नाही. फक्त, 'पेशंट क्र. १. दातही सरळ झाले.'

मी तिला म्हटलं, अगं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "म्हणू दे बाबा. तुम्ही बसा इथे, माझ्याजवळ." मग मी तिथे बसून रडलो. वाईट दिसलो असणार.

काल पुंजाजी टपरी पोराच्या हवाली करून आला. चौकटीसमोर उभा राहिला, खूप वेळ पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "किशोरभाऊ, माह्या बी तोंडात दोनच बोटं जाते. मले बी थे टोपन लावून देईन का आचल?" खर्रा विकणारा माणूस, बंड्या. आचलने त्याला आत नेलं. आता बाहेर बसलेले लोक पत्ता विचारायला आलेले नसतात.

चौकटीतली शेवटची जागा रिकामी आहे. चौदावं टोपण मी तिच्याकडून मागून घेतलं, धुतलं आणि या पाकिटात तुला पाठवतो आहे. तपासून परत पाठव.

तुझा,
किशोर

---

अमरावती, १० डिसेंबर २०२५

किशोर,

वस्तू मिळाली. खिडकीशी धरून पाहिली. आतून पाहिली, बाहेरून पाहिली, प्रमोदिनीकडून भिंग मागवून पाहिली. डाग शोधायची मला पस्तीस वर्षांची सवय आहे, हे तू जाणतोस.

परवा मी पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोललो. शब्द अजून घसरतात. प्रमोदिनीला म्हटलं, किशोऱ्याचं पत्र आलं का बघ. तिला तीनदा सांगावं लागलं, पण कळलं. आता एखाद्या रविवारी फोन कर. मी उचलेन. तू बोल, मी जमेल तेवढं हूं म्हणेन. मला तू हवा आहेस, एवढं लिहून टाकतो, कारण बोलायला जरा लांबच्या लांब वाक्य होईल.

टोपण परत पाठवत आहे. चौकटीत लावायला सांग. पाकिटावर लाल शाईने शेरा लिहिला आहे, तोही तिथेच लावायचा.

स्वच्छता: दहापैकी नऊ. एक गुण वानराचा कापला आहे.

बंडू